चुकांची वही

मेसेंजरच्या चौथ्या पानावर, तिसऱ्या रकान्याच्या तळाशी, तीन ओळी आल्या. संदर्भ विभागाचे निवृत्त प्रमुख श्री. विश्वेश्वरराव यांचे रविवारी निधन झाले. ते त्रेसष्ट वर्षांचे होते. त्यांच्यामागे पत्नी कावेरी आणि एक मुलगी आहे.

त्यातली मुलगी म्हणजे कौशल्या. मंगळवारी सकाळी जे. पी. नगरच्या घराच्या पायरीवर तिने त्या ओळी उभ्याउभ्याच वाचल्या आणि पुन्हा एकदा वाचल्या. आई जाऊन पंधरा वर्षं होत आली होती.

त्या दिवशी तिला राग आला नाही. चूक झालीय, उद्या दुरुस्ती येईल, एवढंच मनात आलं. ज्या घरात ती वाढली तिथे ही गोष्ट दूधवाल्याच्या येण्याइतकी ठरलेली होती. 'द सदर्न मेसेंजर' निघाला तो शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, बंगळूरच्या कॅन्टोन्मेंटातल्या गोऱ्या पलटणींसाठी. घोड्यांच्या शर्यती, मद्रासला लागणाऱ्या बोटी, चर्चमधली लग्नं असला मजकूर. पुढे पेठेतले वकील, कारकून, मास्तर तो घेऊ लागले. पोरांचं इंग्रजी सुधारावं म्हणून बाप त्यांच्याकडून अग्रलेख मोठ्याने वाचून घेऊ लागले. दोघांचा वाद लागला की तिसरा म्हणायचा, मेसेंजरमध्ये काय आलंय ते बघा, आणि वाद मिटायचा. मेसेंजर चुकत नसे असं नव्हे. पण चुकला तर दुसऱ्या दिवशी कबूल करी, आणि तेही ज्या पानावर चुकला त्याच पानावर, त्याच जागी, तेवढ्याच टायपात. चौतीस वर्षं हा नियम कौशल्याच्या वडिलांनी, अण्णांनी, सांभाळला होता.

बुधवारी दुरुस्ती आली नाही. गुरुवारी त्या जागी प्रेशर कुकरची जाहिरात होती.

कौशल्या एका जागी बसेना. भांडी घासलेली असली तरी पुन्हा घाशी, कपाटातली पुस्तकं काढी, लावी, परत काढी. कॉलेजात इतिहास शिकवणारी, वाचल्याशिवाय न झोपणारी बाई, पण चार दिवसांत एक पान पुरं झालं नव्हतं. के. आर. पुरमहून राहायला आलेली आत्या, गोजराबाई, सोप्यावर बसून हे बघत होती. कौशी, स्वल्प बस गं, तुझ्या येरझाऱ्यांनी मला भोवळ येते, असं तिने दोनदा सांगून पाहिलं. कौशल्याने मेसेंजरला फोन लावला. एकाने दुसऱ्याकडे दिला, दुसऱ्याने संगीत ऐकवलं, आणि मग फोन तुटला.

शुक्रवारी दुपारी येलहंक्याहून पद्मनाभ नावाचे एक म्हातारे मास्तर आले. दोन बस बदलून आले होते. त्यांनी ओळख सांगितली. वीस वर्षांपूर्वी त्यांच्या गुरूंच्या निधनाच्या बातमीत गावाचं नाव चुकलं होतं. त्यांनी पोस्टकार्ड टाकलं. तिसऱ्या दिवशी दुरुस्ती आली, आणि चौथ्या दिवशी अण्णांच्या हातचं पोस्टकार्ड, आभाराचं. ते त्यांनी अजून जपून ठेवलं होतं. विश्वेश्वररावांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पाणी पिऊन ते उठले.

"तुमच्या आईंना नमस्कार करतो आणि निघतो," ते म्हणाले.

कौशल्याने सांगितलं, आई एक्याऐंशी सालीच गेली.

मास्तर पुन्हा बसले. खिशातून त्यांनी चौकोनी घडी काढली आणि उलगडून चष्म्याजवळ नेली. त्याच तीन ओळी. त्यांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा कौशल्याकडे. घरातली माणसं खरी की मेसेंजर, असा पेच त्यांना क्षणभर तरी पडला असावा. मग घडी परत खिशात गेली.

"मेसेंजर चुकेलही. पण सुधारल्याशिवाय राहायचा नाही," ते म्हणाले. "माझी कात्रणांची वही आहे. दुरुस्ती आली की दोन्ही शेजारी शेजारी चिकटवीन. तोवर हे खिशातच ठेवतो."

ते गेल्यावर कौशल्याने चपला घातल्या. आत्या म्हणाली, अजून दहावा झाला नाही, सुतकात कुठे निघालीस. मेसेंजरमध्ये, कौशल्या म्हणाली.  तेव्हा आत्याने आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं, जे ती नातेवाइकांच्या लग्नामुंजीत परक्यांनाही ऐकवायची: चौतीस वर्षांत मेसेंजरच्या चुकांच्या वहीत माझ्या भावाचं नाव एकदाही आलं नाही. आणि त्याच्याच मरणात चुकावं त्यांनी, सांग त्यांना जाऊन.

सांगायला ती गेली खरी. रिक्षा सिग्नलला थांबली की जीव घाबरा होई, चालू झाली की वाटे फार लवकर पोचणार. मनात वाक्यं जुळत होती. सगळी तिखट.

मेसेंजरची दगडी इमारत तीच होती, पण आत शिरल्यावर तिला आपण बँकेत आलो असं वाटलं. काचेचा दरवाजा, थंड हवा, भिंतीवर रंगीत पहिलं पान चौकटीत लावलेलं. वर वृत्तसंपादकाच्या खोलीत निहार नावाचा तिशीतला तरुण होता. पुण्याचा. वर्षभरापूर्वी आलेला. ती मराठी आहे हे कळल्यावर त्याला बरं वाटलं. खुर्ची दिली, कॉफी मागवली, अण्णांबद्दल दोन चांगले शब्द बोलला. चूक मान्य करायलाही त्याची हरकत दिसली नाही. छापायला होती.

"बघा मॅडम, तुमचा पॉइंट मला कळतोय," तो म्हणाला. "पण करेक्शन्स आम्ही आता अव्हॉइड करतो. मार्केट बदललंय. रीडरला वाटतं, हे लोक रोज चुकतातच की काय."

"पूर्वी त्याला वाटायचं, हे चुकले तर सांगतात," कौशल्या म्हणाली.

निहार हसला. वाईट माणूस नव्हता. त्याने आपली अडचण सांगितली. मजकूर त्याच्या लोकांनी मनाने लिहिला नव्हता; तो खालून, संदर्भ विभागातून आला होता, अण्णांच्याच विभागातून. त्या विभागाचं कधी चुकत नाही, हे तर त्याला इथे आल्या दिवशी पाच जणांनी ऐकवलं होतं. तेव्हा एक करावं. आईंच्या निधनाची त्या वेळची बातमी लायब्ररीत असेल. तिचं कात्रण आणलं की तो जागा काढायचा प्रयत्न करील.

कात्रण नव्हतं. हे कौशल्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. एक्याऐंशीच्या नोव्हेंबरात ती तेवीस वर्षांची होती. आई अकरा तारखेला पहाटे गेली. दुपारी ती अण्णांना म्हणाली, मेसेंजरला कळवू या. अण्णा म्हणाले, घरच्या माणसांबद्दल आपण छापत नाही. एवढंच. तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ते कामावर गेले. महिनाभर ती त्यांच्याशी बोलली नाही. पुढे बोलणं सुरू झालं, दोघांनी एकाच घरात पंधरा वर्षं बऱ्यापैकी काढली, पण ती गोष्ट भातातल्या खड्यासारखी राहिली. ज्या पेपरात बंगळूरच्या प्रत्येक बऱ्यावाईट माणसाचं मरण त्यांनी स्वतः तपासून छापलं, त्यात त्यांच्या बायकोचं मरण नव्हतं. मेसेंजरच्या हिशेबी ती गेलीच नव्हती.

कौशल्या तळघरात उतरली. इथे मात्र काही बदललं नव्हतं, फक्त आवराआवर चालली होती. लोखंडी कपाटं उघडी, जमिनीवर तपकिरी लिफाफ्यांचे सुतळीने बांधलेले गठ्ठे. बंगळूरमधल्या प्रत्येक नावाजलेल्या माणसाचा इथे एक लिफाफा होता. त्यात कात्रणं आणि एक कार्ड: जन्म, शिक्षण, हुद्दे, मागे कोण कोण. दर जानेवारीत अण्णा एकेक कार्ड काढून तपासायचे. जिथे बदल असे तिथे भरायचे, नसे तिथे तारीख घालून 'बदल नाही' लिहायचे. माणूस मेला की मेसेंजरला धावाधाव करावी लागत नसे. फक्त घरी एक फोन करायचा आणि खात्री करून घ्यायची. फोनशिवाय मरण छापायचं नाही, हा दुसरा नियम.

गठ्ठे बांधत रघुपती बसला होता. अण्णांच्या हाताखाली तेवीस वर्षं काढलेला, आता स्वतःच पिकलेला माणूस. तिला बघून तो उठला, आणि खुर्ची पुसायला लागला ती बराच वेळ पुसत राहिला. महिनाअखेर हे सगळं गोदामात जाणार, वर संगणक आले, असं त्याने न विचारता सांगितलं.

कौशल्याने सरळ विचारलं. अण्णांचं कार्ड कुठे आहे. वरच्या पोरांनी काय वाचलं आणि काय लिहिलं ते तिला बघायचं होतं.

लिफाफा सापडत नाही, रघुपती म्हणाला. मग म्हणाला, या गठ्ठ्यात असेल. मग दुसरा गठ्ठा सोडायला लागला. तेवीस वर्षं लिफाफे शोधणारा माणूस खोटं शोधताना किती वाईट दिसतो, हे कौशल्या बघत राहिली.  शेवटी त्याने टेबलाचा खण उघडला. लिफाफा वरच होता. त्याखाली एक जाड वही.

"अक्का, चूक माझी आहे," तो म्हणाला. "तेवढं आधी ऐक."

रविवारी निरोप आला तेव्हा त्याला स्मशानात पोचायचं होतं. त्याने अण्णांचा लिफाफा कपाटातून काढला आणि न उघडता वरच्या टेबलावर ठेवला. तिथल्या नव्या मुलीने विचारलं, घरी फोन करू का. तो म्हणाला, नको, घरात माणसं रडतायत, आणि अण्णांच्या हातचं कार्ड, ते कोण तपासणार. मुलीने कार्ड बघून तीन ओळी लिहिल्या. बुधवारी लिफाफा परत आला, तेव्हा त्याने तो उघडला.

कौशल्याने कार्ड बाहेर काढलं. अण्णांचं उभं, टोकदार अक्षर. जन्म १९३३. मेसेंजरमध्ये १९५९पासून. पत्नी कावेरी. मुलगी कौशल्या.

खाली जानेवारीच्या नोंदी होत्या, एकाखाली एक. जानेवारी १९८०, बदल नाही. जानेवारी १९८१, बदल नाही. जानेवारी १९८२, बदल नाही.

ती तिथे थांबली. मग पुढच्या ओळी बोटाने मोजल्या. ब्याऐंशी ते त्र्याण्णव, निवृत्तीच्या वर्षापर्यंत. बारा. प्रत्येकीखाली सही. शाई बदलत गेलेली, अक्षर जरा कापरं होत गेलेलं, शब्द तेच.

हजारो परक्यांच्या कार्डांवर ज्याने कधी बायकोचं, कधी थोरल्या मुलाचं नाव त्याच आठवड्यात खोडलं होतं, तो माणूस दर जानेवारीत कपाटातून आपलं कार्ड काढत होता, वाचत होता, आणि परत ठेवत होता. चुकून राहिलं म्हणावं तर बारा सह्या होत्या. संध्याकाळी घरी येऊन तो वांग्याच्या भाजीत मीठ कमी आहे म्हणत होता. ती पंधरा वर्षं त्याला कोरडा समजत आली होती. मनात जुळवून आणलेल्या तिखट वाक्यांतलं एकही आता कोणाला सांगण्यासारखं राहिलं नव्हतं.

"काही करायचं नाही," रघुपती हळू म्हणाला. "कार्ड मी फाडतो. कोणी बघितलं नाही."

"आणि आई?"

रघुपतीने वही पुढे केली. ही ती चुकांची वही. हिची गोष्ट कौशल्याने लहानपणी शंभरदा ऐकली होती. १९११ साली मेसेंजरने कॅन्टोन्मेंटातल्या एका कापडाच्या व्यापाऱ्याला जिवंतपणी मारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरी आलेलं पुष्पचक्र हातात घेऊन कचेरीत आला आणि संपादकाच्या खुर्चीत जाऊन बसला. मला परत जिवंत केल्याशिवाय उठणार नाही, म्हणाला. तेव्हापासून वही सुरू झाली. तारीख, पान, काय चुकलं, खरं काय, चूक कोणाची, कशी झाली. सहा रकाने, आणि एकही रिकामा ठेवायचा नाही. नोंद झाल्याशिवाय दुरुस्तीची चिठ्ठी वर जात नसे. शेवटचा रकाना अण्णा कधीकधी घरी येऊन सांगत. डुलकी. दोन भावांचं एकच आद्याक्षर. एकदा: संपादकांनी ऐकलं नाही, आणि खाली संपादकांची सही.

त्र्याण्णवनंतर वहीत नोंद नव्हती. रघुपतीने बुधवारी एक सुरू केलेली दिसत होती. तारीख, पान, काय चुकलं, खरं काय, एवढं भरलेलं. पुढचे दोन रकाने मोकळे.

"नाव माझं घालायचं होतं," तो म्हणाला. "पण तुला दाखवल्याशिवाय नको वाटलं. फोन मी करू दिला नाही, ते खरंच आहे ना. माझं नाव या वहीत अकरा वेळा आहे, अक्का. बाराव्याने काय होतंय. त्यांचं एकदाही नाही."

कौशल्या उठली आणि कपाटांच्या मधल्या बोळातून पार भिंतीपर्यंत गेली आणि परत आली. पुन्हा गेली. रघुपतीचं नाव घातलं तर खोटंही नव्हतं. चूक झाली, दुरुस्ती छापली, अण्णांचं नाव चौतीस वर्षं स्वच्छ होतं तसंच राहिलं, आत्याचं वाक्य शाबूत. महिनाअखेर वही गोदामात जाणार, तिथे वाळवी वाचील. कोणाचं काही जात नव्हतं. नुसतं कार्ड फाडायचं होतं.

पण कार्ड फाडलं तर त्या बारा ओळीही जाणार. आईबद्दल त्या माणसाने कुठे काही लिहून ठेवलं असेल तर ते एवढंच होतं.

ती येऊन बसली. वही आपल्याकडे ओढली.

"चूक जिथून सुरू झाली त्याचं नाव घालायचं, हाच नियम ना?"

रघुपतीने पेन पुढे केलं.

'चूक कोणाची' या रकान्यात तिने लिहिलं: विश्वेश्वरराव, संदर्भ विभाग. शेवटच्या रकान्यापाशी ती थांबली. वरचे पानभर रकाने तिने वाचले. घाई. गैरसमज. टेलिप्रिंटरवर ओळ गळाली. मग लिहिलं: बारा वेळा. माहीत असून.

शाई वाळू दिली. मग कार्ड घेतलं. जानेवारी १९९३च्या खाली थोडी जागा उरली होती. तिथे आईची तारीख घातली, तिच्याखाली अण्णांची, आणि कार्ड पूर्ण झालं की ते जशी आडवी रेघ मारत तशी मारली. रेघ सरळ आली नाही.

दुरुस्तीची चिठ्ठी घेऊन ती वर गेली. निहार फोनवर होता. फोन ठेवून त्याने चिठ्ठी वाचली. अण्णांच्या पद्धतीप्रमाणे चुकलेलं पुन्हा न सांगता, फक्त खरं तेवढं: श्री. विश्वेश्वरराव यांच्या पत्नी सौ. कावेरी यांचे ११ नोव्हेंबर १९८१ रोजी निधन झाले आहे.

"कात्रण मिळालं?" त्याने विचारलं.

कात्रण नाही, ती म्हणाली, आणि कार्ड समोर ठेवलं. निहारने ते वाचायला घेतलं तेव्हा त्याचा दुसरा फोन वाजत होता. तो वाजतच राहिला. त्याने बोट ओळीवरून खाली नेलं, तिच्यासारखंच, आणि मध्येच थांबून परत वर नेलं. वर बघितलं तेव्हा काही विचारावं की नाही ते त्याला ठरवता येत नसावं.  मग त्याने दार उघडून बाहेरच्या कोणाला तरी चौथं पान काढायला सांगितलं, तिसरा कॉलम, बॉटम. तिथे कुकर आहे, बाहेरून आवाज आला. कुकर वर घ्या, निहार म्हणाला.

कार्ड त्याने दोन्ही हातांनी परत दिलं. हे गोदामात पाठवू नका, एवढंच म्हणाला. ती म्हणाली, नाही, त्याची जागा बाकीच्या लिफाफ्यांतच आहे. आणि खाली जाऊन लिफाफ्यात ठेवून आली.

शनिवारी सकाळी पेपर पडल्याचा आवाज आला तेव्हा ती पायरीवरच होती. चौथं पान, तिसरा रकाना, तळाशी. त्याच टायपात. वर कुकर होता.

आत्याला इंग्रजी येत नव्हतं. कौशल्याने वाचून मराठीत सांगितलं. आत्याने पेपर हातात घेऊन त्या ओळीवर बोट ठेवलं, कावेरीचं नाव कुठे आहे ते विचारून घेतलं, आणि बराच वेळ बोट तिथून हलवलं नाही. मग म्हणाली, आलं एकदाचं. मग तिला आठवण झाली.

"चूक कोणाची होती ते छापलंय का त्यांनी?"

"ते पेपरात नसतं, आत्या. ते वहीत असतं."

"मग वहीत कोणाचं घातलं?"

कौशल्या कात्री शोधायला आत गेली. येलहंक्याच्या मास्तरांना कात्रण पाठवायचं होतं.